पाहुण्यांची वही

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास दोन गोष्टी सांगण्याची विशेष हौस असते. आपण काय पाहिले ही एक, आणि आपले हाल कसे झाले ही दुसरी. पहिलीस श्रोते मोजके मिळतात. दुसरीस मात्र दिवाणखाना भरतो. देवळाच्या शिखराचे वर्णन करताना ज्याला शब्द सुचत नाहीत, तोच गृहस्थ खानावळीतील गार आमटीविषयी बोलू लागला म्हणजे त्याच्या वाणीस कसा बहर येतो, हे ज्याने त्याने स्वानुभवावरून ताडून पाहावे. आम्ही या नियमास अपवाद आहो असे मुळीच नाही. गेल्या मार्गशीर्षात चौल येथे आमच्या हातून जे घडले, त्याने आमचे मन अद्याप स्वस्थ नाही. आणि ते नेमके चौलासारख्या स्थळी घडावे, हा योगायोग इतिहासाच्या वाचकांसही विचार करावयास लावील असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

दत्ताची यात्रा आटोपली होती. मांडव्यास बोटीतून उतरून अलिबागेवरून आम्ही चौलास पोहोचलो. रस्त्याच्या दोहों बाजूंस नारळी-पोफळींच्या वाड्या, मधूनमधून कौलारू घरे, रामेश्वराचे देऊळ व त्यापुढील पुष्करिणी. आज पाहणाऱ्यास हे एक शांत, सावलीचे गाव वाटते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात 'सेमुल्ल' म्हणून, दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात 'सिमुल्ल' म्हणून व पुढे अरबांच्या लेखनात 'सैमूर' म्हणून जे बंदर येते, ते हेच असे विद्वान मानतात. १५०८ मध्ये येथील खाडीच्या मुखाशी पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा हा इजिप्त व गुजरात यांच्या आरमाराशी लढताना पडला. १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी शेजारच्या रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा नावाचा पोर्तुगीज लिहितो, की या गावात एरवी वस्ती थोडी; परंतु गलबतांचा हंगाम आला म्हणजे देशावरून बैलांचे तांडे उतरतात आणि तीन-चार महिने जणू जत्रा भरते. आज गलबते येत नाहीत. हंगाम मात्र आहे. नाताळ, उन्हाळ्याची सुटी आणि लागून आलेले रविवार या दिवसांत मुंबई-पुण्याची मंडळी येतात, व वाडीवाले आपल्या घरातील दोन-तीन खोल्या त्यांस देतात. सारांश, या गावाचा पाहुण्यांशी असलेला संबंध दोन हजार वर्षांचा आहे.

अशाच एका वाडीत आम्ही उतरलो होतो. घर एका विधवा बाईचे. हाताखाली शाळेत जाणारा मुलगा. इतर खोल्यांत आणखी आठ-नऊ माणसे होती. सायंकाळी स्नानास ऊन पाणी मागितले ते तासाभराने आले, आणि आले तेव्हा कोमट होते. जेवण आठास मिळावयाचे, ते दहास मिळाले. भात गार, आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्या दोनदा मागावा लागला. आम्ही पैसे मोजून आलो होतो. आम्हांस बोलण्याचा अधिकार होता. आणि तो आम्ही पुरेपूर बजावला. वाढावयास आलेल्या त्या मुलास दोन शब्द सुनावले. तेवढ्याने समाधान न होऊन सकाळी निघताना ओटीवर ठेवलेली अभिप्रायवही उघडली आणि तीत एक सबंध पान लिहिले. लेखनाचा सराव असल्याने ते पान चांगलेच उतरले. शेवटी 'येथे येणाऱ्यांनी पूर्ण विचार करून यावे' असा उपदेशही केला. बाईंनी वहीकडे पाहिलेही नाही. "काल फार उशीर झाला, राग मानू नका," एवढेच म्हणून त्यांनी वाटेत खावयास नारळाच्या वड्यांची एक पुडी आमच्या हाती दिली. ती आम्ही घेतली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

गाडीच्या थांब्यावर शेजारच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ भेटले. कोठे उतरला होता असे त्यांनी विचारले, आम्ही सांगितले. ते म्हणाले, "बिचारीचे हाल आहेत. परवा पंप जळला. दुरुस्तीवाला अलिबागेहून येतो म्हणाला तो आलाच नाही. दोन दिवस आमच्या विहिरीवरून कळशीकळशीने पाणी नेते आहे. मी म्हटले, पाहुण्यांना सांग, ते समजून घेतील. तर म्हणते, काका, घरातले रडगाणे पाहुण्यापुढे कशाला?"

इतक्यात गाडी आली आणि आम्ही चढलो. उतरून परत जाता आले असते, गेलो नाही. आम्ही वहीत लिहिलेले एकही वाक्य खोटे नव्हते. पाणी कोमटच होते, भात गारच होता. परंतु ज्या कळशा आम्ही पाहिल्या नव्हत्या, त्या त्या पानावर कोठेच नव्हत्या. आणि यापुढे ते पान वाचणाऱ्यासही त्या कधी दिसणार नव्हत्या. खोटे लिहिले असते तर ते खोडता तरी आले असते. खऱ्याचे काय करावे, हा प्रश्न मनास टोचू लागला.

त्याच मनःस्थितीत आम्ही रेवदंड्यास उतरलो. तेथील एका विद्यालयाच्या आवारात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. तो पाहण्याचे आम्ही आधीच ठरविले होते, आणि त्या प्रवाशाच्या टिपणांचा गोषवाराही आमच्या पिशवीत होता. पूर्वी तो आम्ही कैकदा वाचला होता. त्या दिवशी वाचताना मात्र एक निराळीच गोष्ट डोळ्यांत भरली: हीही एका पाहुण्याची वहीच होती.

निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर नगराचा. स्वदेशाहून निघाल्यावर वाटेत आस्त्राखानजवळ तार्तरांनी त्यास लुटले. त्याची धर्मपुस्तकेही त्या लुटीत गेली. रित्या हाताने घरी परतणे नको म्हणून तो इराणात उतरला, होर्मुझच्या बंदरात आला, आणि हिंदुस्थानात घोड्यांस मोठी किंमत येते असे ऐकून एक घोडा गलबतावर चढवून चौलास पोहोचला. वर्ष कोणी १४६९ धरतात, कोणी १४७१. वास्को द गामा कालिकतास येण्यास तेव्हा पाव शतकाहून अधिक अवधी होता.

चौलास पाय ठेवताच त्याने जे लिहिले ते सर्वश्रुत आहे. येथील लोक उघडे हिंडतात, डोके उघडे, छाती उघडी, केसांची एकच वेणी, सर्व काळे, आणि मी जाईन तेथे माझ्यामागून माणसांचा घोळका, गोऱ्या मनुष्याचे त्यांना नवल वाटते. या वाक्यांवरून आजवर पुष्कळांनी पंधराव्या शतकातील कोकणच्या पोशाखाविषयी अनुमाने केली आहेत. परंतु त्या घोळक्यातील कोणी त्या रात्री घरी जाऊन या परक्याविषयी काय सांगितले, ते कोणीच लिहून ठेवले नाही. नवल दोन्हीकडे होते. कागद एकाकडेच होता.

चौलाहून पालीवरून तो जुन्नरास गेला आणि पावसाळ्यात तेथे अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो म्हणतो. सह्याद्रीचा पाऊस ज्याने पाहिला आहे तो यास तक्रार म्हणणार नाही. आता त्याच्या खऱ्या तक्रारी पाहू. पहिली अशी, की इकडे आमच्या देशास लागणारा माल विपुल आहे असे मला मुसलमान व्यापाऱ्यांनी सांगितले, ते खोटे निघाले. मिरी आणि रंग स्वस्त खरे, पण जकाती फार आणि समुद्रात चाचे फार. हे सांगताना त्याने त्या व्यापाऱ्यांस शिवीही दिली आहे. दुसरी खर्चाची. एकट्या मनुष्यास दिवसाकाठी अडीच आल्तिन लागतात, आणि तेही मद्य अथवा मधाचे पेय ओठांस न लावता, असा हिशेब त्याने मांडला आहे. तिसरी तक्रार सर्वांत मोठी. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि, हा मुसलमान नव्हे असे कळताच, चार दिवसांत आमच्या धर्मात ये. आलास तर घोडा आणि वर हजार मोहोरा देईन, न आलास तर घोडा ठेवून तुझ्याकडूनच हजार मोहोरा घेईन, असे बजावले. तो घोडा तेथवर आणण्यास निकितिनास शंभर रूबल पडले होते. त्याची सारी पुंजी तीच. अशा वेळी खुरासानचा खोजा महंमद नावाचा एक वजनदार गृहस्थ तेथे आला. निकितिनाने त्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले. तो खानाकडे गेला आणि धर्मावरील संकट टाळून घोडाही सोडवून घेऊन आला. ज्या व्यापाऱ्यांच्या धर्माचे नाव घेऊन त्याने शिवी दिली, त्याच धर्माच्या मनुष्याने त्यास तारले. आणि या दोन्ही गोष्टी त्याने स्वहस्ते लिहून ठेवल्या, हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

खानाविरुद्धच्या या गाऱ्हाण्याविषयी कोणाही न्यायी वाचकास शंका येणार नाही. ते दुबळ्याने सबळाविरुद्ध केलेले होते, समक्ष ज्याच्याकडे दाद लागेल त्याच्याकडे केलेले होते, आणि उत्तर देण्याचे सामर्थ्य खानाच्या अंगी पुरेपूर होते. अशी तक्रार हा मनुष्याचा हक्कच होय.

परंतु याच जुन्नरच्या हकिगतीत आणखी एक नोंद आहे. हिंदुस्थानात परदेशी व्यापारी सराईत उतरतात; त्यांच्यासाठी तेथील गृहिणी स्वयंपाक करतात आणि त्यांची अंथरुणेही त्याच घालतात. एवढे सांगून त्यापुढे तीन-चार शब्दांत त्याने त्या स्त्रियांच्या शीलाविषयी एक विधान केले आहे. ते येथे देण्याचे कारण नाही. त्याने काय पाहिले, काय ऐकले, कोणत्या एका घरावरून साऱ्या देशाविषयी लिहिले, हे आता कोण सांगणार? तोच मनुष्य थोड्याच अंतरावर लिहितो, की या देशात घोड्यांस हरभरे चारतात व साखर आणि तूप घालून खिचडी शिजवून देतात. म्हणजे पाहुण्याच्या जनावरासही खिचडी रांधून घालणारा हा देश! चिखलाच्या त्या महिन्यांत ओली लाकडे फुंकून परक्या मनुष्यासाठी चूल पेटविणारी जी कोणी जुन्नरची बाई होती, तिच्या कष्टांची साक्ष त्या वाक्याच्या पूर्वार्धात आहे. आणि तिच्या अब्रूवरील डाग उत्तरार्धात. तिला रशियन भाषा येत नव्हती. तिने ते वाचले नाही. तिला उत्तर देता आले नाही.

निकितिन हा पाषाणहृदयी मनुष्य होता असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या टिपणांत पश्चात्ताप पानोपानी आहे. धर्मपुस्तके लुटली गेल्यामुळे त्यास सणांचे व उपवासांचे दिवस कळेनासे झाले. ईस्टर केव्हा आला आणि केव्हा गेला याचा पत्ता लागेना. त्याबद्दल तो स्वतःस पापी म्हणवून वारंवार क्षमा मागतो. पुढे बेदरास तो गेला. तेथे त्याने हिंदूंस आपला खरा धर्म सांगितला, तेव्हा त्या लोकांनी आपले जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा काहीच त्याच्यापासून लपविले नाही, आपल्या बायकांनाही त्याच्या दृष्टीआड ठेवले नाही, असे तो कृतज्ञतेने सांगतो. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेसही गेला. एवढा विश्वास लाभल्यावर त्या जुन्या वाक्याची त्यास आठवण झाली असेल काय? वहीत तसे काही नाही. चुकलेल्या उपवासांबद्दलचे दुःख पुष्कळ आहे. चुलीपुढील त्या बाईविषयी मागाहून एक अक्षरही नाही. मनुष्यास पश्चात्ताप होतो, पण तो कोठे व्हावा हे त्यास नेहमीच उमगते असे नाही.

दाभोळच्या बंदरातून तो परत फिरला. तीन समुद्र ओलांडून स्वदेशाच्या वाटेस लागला, परंतु त्वेर त्यास दिसले नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा अंत झाला. त्याची टिपणे १४७५ मध्ये मॉस्कोच्या दरबारातील एका अधिकाऱ्याकडे पोहोचली, बखरींत उतरविली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करम्झिन या इतिहासकाराने ती पुन्हा उजेडात आणली. पुढे अनेक भाषांत त्यांची भाषांतरे झाली. लिहिणारा गेला, ज्यांच्याविषयी लिहिले ते गेले; पण वही उरली.

येथे आम्हांस याच चौलातील एक त्याहून पाचशे वर्षे जुनी व्यवस्था आठवते. अल्-मसूदी हा अरब इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरास आला होता. तेव्हा येथे झंझ नावाच्या शिलाहार राजाचा अंमल होता, आणि गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असत असे मसूदी म्हणतो. त्यांच्यापैकीच एका प्रमुख मनुष्यास राजाने 'हुनरमन' हा अधिकार दिला होता, व त्या लोकांचे तंटेबखेडे त्याच्याकडे जात. परक्यांचे म्हणणे ऐकावयास परक्यांतीलच मनुष्य नेमणारा हा राजा शहाणा खरा. पाहुण्याची तक्रार ही क्षुल्लक बाब नव्हे, बंदराची अब्रू तीवर अवलंबून असते, हे चौलास तेव्हाच कळले होते. आणि अशा निवाड्याचा मोठा गुण हा, की तेथे तक्रार समोरासमोर होते. ज्याच्यावर ती असेल त्याला तोंड उघडण्यास जागा राहते. वहीत ती जागा नसते. निघताना लिहून जाणारा मनुष्य फिर्यादीही आपणच असतो, साक्षीदारही आपणच, आणि निकाल देऊन गाडीत बसणारा न्यायाधीशही आपणच. आजकाल ही वही खिशातील दूरध्वनीत आली आहे, आणि तीवरील पान ओटीवर न राहता क्षणात साऱ्या जगापुढे जाते, एवढाच काय तो फरक.

मग तक्रार करूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. पैसे घेऊन पाहुण्यास फसविणारे व उद्धटपणाने वागणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याविषयी मौन धरणे म्हणजे पुढील पाहुण्याचा घात करणे होय. आमचे म्हणणे इतकेच, की आमच्या त्या पानास दोन प्रश्नांची उत्तरे देता आली नसती. ज्या बाईविषयी लिहिले तिला आम्ही आधी तोंडाने विचारले होते काय? आणि तिला उत्तर देण्याचे तितकेच सामर्थ्य होते काय? "आज पाण्याची काही अडचण आहे का?" एवढे एक वाक्य आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बोललो असतो, तर पान लिहावे लागले नसते; कदाचित दोन कळशा आम्हीही आणल्या असत्या.

इतिहासाच्या अभ्यासकांसही या गोष्टीचा विचार करणे अवश्य आहे. चौलचा इतिहास म्हणून आम्ही जो सांगतो, तो बव्हंशी पाहुण्यांच्या वह्यांतून उतरलेला आहे. ग्रीक आला, त्याने लिहिले. अरब आला, त्याने लिहिले. रशियन आला, पोर्तुगीज आला, त्यांनी लिहिले. त्या वह्या नसत्या तर आमच्या हाती काहीच नसते, म्हणून त्यांचे ऋण आहेच. परंतु यजमानाची बाजू कोठे आहे? शोधू जाता एक अल्पशी सापडते, आणि तीही चौलात नव्हे तर साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत. तेथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील प्राकृत लेख खडकावर कोरलेले आहेत. त्यांत चेमुल येथे राहणाऱ्या, म्हणजे विद्वानांच्या मते आमच्या या चौलच्या, एका सोनाराच्या घराण्याचे दान नोंदलेले आहे. दान कशाचे? पाण्याच्या पोढीचे; वाटसरू भिक्षूंसाठी खडकात खोदविलेल्या टाक्याचे. पाहुण्यांविषयीची कुरकूर त्यात नाही. पाहुण्याने लिहिले ते आपणास काय मिळाले नाही ते. यजमानाने लिहिले ते आपण काय दिले ते, आणि तेही दोन ओळींत. रेवदंड्याच्या त्या स्तंभापुढे उभे असता हे दोन्ही लेख आम्हांस शेजारी-शेजारी दिसू लागले, आणि खिशातील वड्यांची पुडी जड वाटू लागली.

घरी आल्यावर आम्ही त्या बाईंस पत्र लिहिले. पंपाची हकिगत कळली हे सांगितले, मुलास बोललो त्याची क्षमा मागितली, आणि वहीतील आमचे पान कृपा करून फाडून टाकावे अशी विनंती केली. पंधरा दिवसांनी मुलाच्या अक्षरात उत्तर आले. नवा पंप बसला आहे. पान फाडलेले नाही, कारण त्याच्या पाठीमागे दुसऱ्या एका पाहुण्यांनी चांगले चार शब्द लिहिलेले आहेत, ते जातील. तुम्ही लिहिले त्यात चूक काही नव्हती, असे आई म्हणते. आणि खाली, बहुधा तिनेच सांगितल्यावरून, एक ओळ होती: पुढल्या खेपेस दोन दिवस आधी कळवा, म्हणजे पाणी भरून ठेवता येईल.